काळ्या रंगाखालची चाळणी

चार्वीच्या घुटीत वेखंडाचे किती वेढे पडतात, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक आक्का, कारण उगाळत त्या होत्या. दुसरी स्वप्नाली, कारण ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सासूचा हात बघत होती. तिसरी खुद्द चार्वी. पण तिला नुकता अकरावा महिना लागलेला, आणि 'बा' नि 'ताता' यापलीकडं तिची मजल नव्हती. म्हणून दुपारी फोन वाजला आणि पलीकडून 'माता-सखी बोलतेय ताई' म्हणणाऱ्या गोड आवाजाच्या बाईनं, बाळाच्या घुटीत वेखंडाचे वेढे जरा कमी करा बरं का, असं सांगितलं, तेव्हा स्वप्नालीनं 'हो, हो' करत फोन ठेवला आणि सरळ सासूकडं बघितलं.

आक्काही तिच्याकडंच बघत होत्या.

"घरातलं बाहेर सांगायची काय गरज होती गं?"

"मी कशाला सांगू? मला वाटलं तुम्हीच बोलता बोलता..."

"मला काय कुत्रं चावलंय? त्या बाईचा नंबर तरी हाय का माझ्याकडं?"

मागच्या पंधरवड्यात हे असं तिसऱ्यांदा घडत होतं. आधी सखीनं टीव्हीचा आवाज कमी ठेवायला सांगितलं होतं. मग एकदा म्हणाली होती, घरात चढ्या आवाजात बोलणं झालं तर बाळाची झोप बिघडते; आणि त्याच्या आदल्याच संध्याकाळी स्वप्नालीचं नि तिच्या नवऱ्याचं, श्रेणिकचं, तिनं पुन्हा नोकरीला लागावं की नाही यावरून, वाजलं होतं. तेव्हापासून सून फोनवर बोलायला लागली की आक्का भांडी घासायचं थांबवत, आणि आक्का शेजारी गेल्या की स्वप्नाली खिडकीचा पडदा सारखा करायच्या निमित्तानं कान देई. जयसिंगपूरच्या त्या तीन खोल्यांत दोन बायका एकमेकींवर पाळत ठेवून होत्या आणि दोघींच्या मधे चार्वी रांगत होती, पायात वाळा घालून.

हा वाळा चांदीचा नव्हता. मऊ रबराचा, त्यावर शेंगदाण्याएवढा फुगवटा आणि त्यात लुकलुकणारा हिरवा दिवा. चार्वी सातव्या महिन्यात जन्मली होती. अशी मुलं कधीकधी झोपेत श्वास घ्यायचं विसरतात. विसरतात म्हणजे अगदी विसरतात. कुणी आठवण करून दिली नाही तर संपलं. वाळा तिच्या नाडीचे ठोके मोजायचा, रक्तातला प्राणवायू बघायचा, आणि कमी-जास्त झालं की किंचाळायचा. सुरुवातीच्या महिन्यांत तो तीनदा किंचाळला. तिन्ही वेळा स्वप्नालीनं तळपायाला टिचकी मारून लेकीला परत आणलं होतं. वाळा ज्या कंपनीचा, तिच्या शिरोळ रस्त्यावरच्या कचेरीत श्रेणिक कामाला होता. बाळंतपणाआधी स्वप्नालीही तिथंच होती. कामगारांच्या मुलांना वाळा फुकट मिळे, आणि त्याबरोबर माता-सखीचे सल्लेही.

स्वप्नालीचा स्वभावच मुळात संशयी. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर ती भिंगातून वाची. पण लेकीचा जीव ज्याच्या भरवशावर होता त्या वाळ्याकडं मात्र तिनं कधी वाकड्या नजरेनं बघितलं नव्हतं. संशय घ्यायला घरात माणसं होती ना.

*

पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स सर्जाकडं करायचा, हे ठरल्यासारखंच होतं. सर्जेराव श्रेणिकचा शाळेतला दोस्त. चौकात त्याचं छपाईचं दुकान. या भागात पोरगं पास झालं की फ्लेक्स, बैलानं शर्यत मारली की फ्लेक्स, माणूस परदेशातून सुखरूप आला की फ्लेक्स. प्लास्टिकवर बंदी आली तेव्हा लोकांना वाटलं, आता चौक मोकळे होतील. कसले होतात? साखर कारखान्यांनी उसाच्या चिपाडापासून कापड काढलं आणि धंदा दुपटीनं वाढला. नाव तेवढं फ्लेक्सच राहिलं.

त्यात अलीकडं नवं खूळ आलं होतं. लहान मुलाच्या अंगावर जी चिप जाईल तिचा सगळा आराखडा लोकांसाठी खुला ठेवायचा, असा नियम दोनेक वर्षांपूर्वी झाला. आराखडा खुला झाला, पण तो बघणार कसा? म्हणून नियमाबरोबर 'रंगपट' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आलं. सर्जासारख्यांनी त्याचा भलताच उपयोग काढला: बाळाचा फोटो आणि मागं बाळाच्या वाळ्यातल्या चिपचं रंगीत चित्र. पैठणीच्या पदरासारखं दिसायचं. लोक खूश.

चिप म्हणजे नखाएवढ्या जागेत वसवलेलं गाव. त्यात रस्ते असतात, घरं असतात, आणि ते सगळं एकावर एक अशा पंधरा-वीस थरांत असतं. प्रत्येक थराचं चित्र वेगळं. फाईलमध्ये मात्र थरांना रंग नसतो, नुसता नंबर असतो. रंगपट हे सॉफ्टवेअर त्या नंबरांना रंग देतं, आणि रंगाबरोबर भरायची तऱ्हाही देतं. लालाला उभ्या रेघा, निळ्याला ठिपके, हिरव्याला जाळी. तऱ्हा अशी विरळ ठेवायची की वरच्या थरातून खालचा थर दिसावा. मग ते चित्र हजारो पटींनी मोठं करायचं आणि छपाईयंत्राच्या पन्ह्याप्रमाणे त्याचे पट्टे पाडायचे. कोणत्या नंबराला कोणता रंग, हा रंगतक्ता तेवढा चिप काढणारी कंपनी स्वतः फाईलबरोबर देते.

सर्जानं पडद्यावर चार्वीच्या वाळ्याची चिप उघडली. चित्र देखणं होतं, फक्त उजव्या कोपऱ्यात हातभर काळा चौकोन होता. रंगपटमधला काळा हा एकच रंग गच्च भरून येतो. त्याला रेघा नाहीत, ठिपके नाहीत, काही नाही.

आक्का चार्वीला कडेवर घेऊन मागं उभ्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "काळं नको बाबा. पहिला वाढदिवस हाय पोरीचा. काळं लागतंय ते गालाला, तिटंपुरतं."

"आक्का, चिपच तशी हाय त्याला मी काय करू?" सर्जा म्हणाला. "बरं थांबा. काळा काढून हळद घालतो. मग तर झालं?"

त्यानं तक्त्यात त्या नंबराचा रंग बदलला. काळ्याच्या जागी हळदी पिवळा. आणि पिवळ्याबरोबर त्याची तऱ्हा आपोआप आली: तिरक्या, विरळ रेघा.

यंत्रातून पट्टे निघाले, सर्जानं ते चिकटवले, आणि अख्खं कापड सुकायला दुकानाच्या मागच्या भिंतीवर टांगलं. स्वप्नाली लांबून बघत होती. चार्वीचा हसरा चेहरा, मागं लाल-निळी वीण. मग तिची नजर उजव्या कोपऱ्यात गेली. पिवळ्या रेघांखाली काहीतरी गोल होतं.

चिपच्या गावात गोल काही नसतं. सगळे रस्ते सरळ, सगळी वळणं काटकोनात. आणि इथं एक चांगली ताटाएवढी वर्तुळाकार तबकडी होती, तिला ओळीनं भोकं होती.

"वहिनी," सर्जा पुढं येऊन म्हणाला, "ही चाळणी कुठनं आली ओ हितं?"

स्वप्नालीला चाळणी ओळखू आली होती. कॉलेजात शेवटच्या वर्षी तिनं तीच काढली होती, परीक्षेत. आवाजानं थरथरणारा पातळ पापुद्रा आणि त्याच्यावर भोकांचं झाकण. चिपचा कान.

"नक्षी असेल काहीतरी," ती म्हणाली. "गुंडाळून द्या भाऊजी. घरी दाखवते, मग फायनल करू."

घरी जाताना चार्वी रिक्षात तिच्या मांडीवर होती आणि हिरवा दिवा लुकलुकत होता.

*

संध्याकाळी श्रेणिक आला तशी वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्तानं ती त्याला गच्चीवर घेऊन गेली. चार्वी खाली आक्कांजवळ होती. स्वप्नालीनं हळू आवाजात विचारलं, वाळ्यात कान आहे का?

श्रेणिक दचकला नाही. तिला नंतर वाटत राहिलं, जरा दचकला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला की असतो, श्वासाचा आवाज हाडातून पायापर्यंत येतो, तो ऐकायला. नाडीपेक्षा त्यावरून आधी कळतं. मग माहितीपत्रकात का नाही? माहितीपत्रक जाहिरातवाले लिहितात. मग त्याच्यावर गच्च काळा का? ती ढाल असते, बाहेरच्या लहरी अडवायला. आणि सखीला घुटी कशी कळली?

"आक्का सगळ्या गल्लीला सांगतीया. कुणीतरी बोललं असेल," तो म्हणाला आणि कपडे घेऊन खाली गेला.

प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. आणि तेही आधीच इस्त्री करून कपाटात ठेवल्यासारखं. स्वप्नाली दोरीला धरून तशीच उभी राहिली. श्रेणिक आराखडे तपासायचा. दुसऱ्याची चूक हुडकणं हीच त्याची भाकरी. कुणी प्रश्न विचारला की आधी 'थांब, बघू दे' म्हणायची त्याला सवय होती. आज तो एकदाही 'बघू दे' म्हणाला नव्हता.

तिनं नियम पाळून घेणाऱ्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली. उत्तर चहा गाळून होईपर्यंत आलं: सदर चिपचा आराखडा व रंगीत छापा दोन्ही उपलब्ध असून नियमाची पूर्तता झालेली आहे. खरंच होतं ते. आराखडा खुला ठेवला पाहिजे असं नियम म्हणत होता. तो कुणी बघितला पाहिजे असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मग तिनं आपल्यापुरता एक प्रयोग करायचा ठरवला.

दुसऱ्या दिवशी आक्का जैन बस्तीत दर्शनाला गेल्या. श्रेणिक कामावर. स्वप्नालीनं दार लावलं, खिडक्या लावल्या, फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला. चार्वीला मांडीवर घेतलं आणि तिच्या इवल्या पायाशी वाकून, लाडात, पण स्पष्ट म्हणाली, "चारू, आवडला का गं मध? रोज एक बोट चाटवीन हां तुला."

घरात मध नव्हताच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिनं मध निवडला.

दुसऱ्या सकाळी माता-सखीचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड. "ताई, एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको हं बाळाला."

स्वप्नालीनं फोन ठेवला. तिनं चार्वीला पाळण्यात ठेवलं, आक्कांचा हात धरला आणि त्यांना ओढतच गच्चीवर नेलं. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आक्का, माझं चुकलं. मी तुमच्यावर संशय घेतला."

"मी पण तुझ्यावर घेतलाच की," आक्का म्हणाल्या. मग त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "म्हणजे माझ्या भाचीच्या सोयरिकीचं मी जे जे बोलले, ते सगळं त्या बाईनं ऐकलं?"

"ते सगळं."

"भाड्या मेल्यांनो," आक्का आभाळाकडं बघून म्हणाल्या. मग तरातरा खाली गेल्या. स्वप्नाली मागोमाग धावली. आक्कांनी पाळण्यातला पाय धरला होता, बोटं वाळ्याच्या खटक्यावर होती. आता काढून कृष्णेत भिरकावणार, अशी मुद्रा. पण खटका काही त्यांनी दाबला नाही. चार्वी झोपेत होती. तिची छाती खाली-वर होत होती, मधेच जराशी थांबल्यासारखी वाटत होती, पुन्हा हलत होती. दोघी बायका तिच्याकडं बघत राहिल्या. वाळा किंचाळला होता ती दुपार दोघींनाही आठवली. निळे पडलेले ओठ आठवले.

आक्कांनी हात मागं घेतला. ज्यानं घर ऐकलं होतं त्यानंच नात राखली होती, आणि त्याला कसं काढायचं हे दोघींनाही सुचेना.

त्या दिवसापासून घरात चार्वीसमोर कुणी धड बोलेना. खुणांनी बोलायचं, नाहीतर गच्चीवर जायचं. पोरगी एकीच्या तोंडाकडं बघे, दुसरीच्या तोंडाकडं बघे. 'ताता' म्हणे, उत्तराची वाट बघे. ज्या महिन्यात मुलं शब्द उचलतात त्या महिन्यात तिच्या घरातले शब्दच संपले होते. आठवड्याभरात ती 'ताता' म्हणायचीही थांबली. तेव्हा मात्र स्वप्नालीनं मनाशी काही ठरवलं.

श्रेणिकला तिनं मधाचं काही सांगितलं नव्हतं.

*

रविवारी सकाळी तिनं गच्चीवर फ्लेक्स अंथरला आणि श्रेणिकला हाक मारली. हातात दोन स्केचपेनं होती, एक लाल, एक निळं. ती बघून तो हसला. जुनी आठवण होती ती. कंपनीत आराखड्याचा मोठा छापा जमिनीवर पसरायचा, चपला बाहेर काढायच्या, आणि दोघांनी गुडघ्यांवर बसून एकच तार दोन टोकांकडून तपासत यायचं. एकानं दुसऱ्याला विचारायचं नाही, सांगायचं नाही. तार खरी असेल तर पेनांची टोकं मधे कुठंतरी भेटतात. त्या दोघांची पेनं अशीच भेटत गेली होती. एकदा तीन तास रांगून दोघांचे गुडघे निळे झाले होते आणि चहा पिताना त्यानं तिला विचारलं होतं, पुढचं टोक तुझ्या घरी येऊन तपासू का?

"तू म्हणतोस कान फक्त श्वास ऐकतो," स्वप्नाली म्हणाली. "मग कानाची तार श्वास मोजणाऱ्या घरात जाऊन थांबेल. बाहेर जाणार नाही. माझी खात्री होऊ दे. मी चाळणीकडून येते, तू जिलबीकडून ये."

जिलबी म्हणजे चिपच्या डाव्या अंगाची वेटोळी तार. वाळा जे काही बाहेर पाठवतो ते तिथून, लहरींवर बसवून पाठवतो.

जोडणी आहे हे स्वप्नालीला ठाऊक होतं. मधानं ते सांगितलंच होतं. तिला बघायचं होतं ते वेगळंच: त्याचा हात कुठं थांबतो.

उन्हं अंगावर येत होती. ती चाळणीपासून निघाली. आवाज मोठा करणाऱ्या, फण्यांसारख्या दिसणाऱ्या खटक्यांतून तार पुढं गेली, मग एक फाटा श्वास मोजणाऱ्या घरात शिरला. तिथं ती क्षणभर थांबली. खरंच तसं घर होतं. तो त्याबाबत खोटं बोलला नव्हता. पण दुसरा फाटा त्या घराला वळसा घालून खालच्या थरात उतरला होता. हिरव्या जाळीखालून तिनं त्याचा माग काढला. पलीकडून श्रेणिक येत होता, नेहमीसारखा, जीभ दातांत धरून, निळी रेघ जराही न हलवता. चार्वीच्या छापील गालाजवळ तो थांबला.

"इथं संपतीय," तो म्हणाला. "बघ. पुढं काही नाही."

त्याच्या पेनाच्या टोकाशी एक बारीक चौकोन होता, आत फुली. फुलीचा चौकोन म्हणजे जिना. तिथं तार संपत नाही, खालच्या मजल्यावर जाते. हे पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊ पोराला कळतं. श्रेणिकनं अशा हजारो फुल्या बघितल्या होत्या. झोपेतही त्यानं एक चुकवली नसती.

स्वप्नालीची लाल रेघ जाळीखालून पुढं आली, आणि त्याच चौकोनावर, त्याच्या निळ्या टोकाला टेकून थांबली.

श्रेणिकनं पेनाला टोपण लावलं.

मग श्रेणिक बोलला. फार काही नव्हतं त्यात. वर्षापूर्वी त्यानं तो जिना बघितला होता. वरच्यांना विचारलं होतं. ती तपासणीपुरती तार आहे, पुढच्या आवृत्तीत निघेल, असं त्याला सांगितलं गेलं. पुढची आवृत्ती आली तेव्हा त्यानं तो कोपरा उघडून बघितलाच नाही. तोपर्यंत चार्वी झाली होती, तिच्या पायात वाळा होता आणि वाळा एकदा किंचाळूनही झाला होता.

"तिला त्यानंच वाचवलंय, स्वप्ना," तो म्हणाला. "मी त्याच्याकडं कशी बोटं दाखवणार?"

"वाचवायला श्वास मोजणारं घर पुरेसं होतं," ती म्हणाली. "आपलं भांडण कशाला पाहिजे होतं त्यांना?"

उत्तराचा अंदाज दोघांनाही होता. चढे आवाज, खोकला, रडणं, कुणाच्या घरात काय शिजतं, हे सगळं कुणीतरी विकत घेत असणार. मुलांचा विमा काढणारे, औषधं खपवणारे. त्यानं मान खाली घातली. तिनं फ्लेक्स गुंडाळला आणि वाढदिवसाला चौकात हाच लागणार, असं सांगितलं. सगळ्या फुल्यांसकट.

"माझी नोकरी जाईल. आणि वाळा?"

मिरजेच्या डॉक्टरांशी ती बोलली होती. त्यांच्याकडं जुनं वायरचं यंत्र होतं, पाळण्याला बांधायचं. त्यानं चार्वी पाळण्याला जखडली जाणार होती; रांगायचं असेल तेव्हा कुणीतरी तिच्या छातीवर डोळे ठेवून मागं मागं फिरायला हवं. आक्का तयार होत्या. ती तयार होती.

"तुझं तू बघ," ती म्हणाली.

तो जिना उतरून गेला.

*

नंतरचे दिवस श्रेणिक वेळेवर कामावर जात होता, वेळेवर येत होता, आणि तेच स्वप्नालीला खात होतं. तो तिथं कुणाला काही बोलला असेल का? तो घरी आला की ती त्याच्या चपलांकडं, त्याच्या फोनकडं, जेवताना त्याच्या हाताकडं बघे. एकदा तो चार्वीला घेऊन खिडकीत उभा होता आणि त्याचे ओठ हलताना तिनं बघितले. ती जवळ गेली तसा तो गप्प झाला. वाळ्याला काही सांगत होता का? की लेकीला? विचारायची सोय नव्हती. वाळा तिथंच होता.

यंत्र वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी येणार होतं. तोवर वाळा पायातच ठेवायचा, असं ठरलं. त्या दुपारी स्वप्नाली आणि आक्का चार्वीला घेऊन सर्जाच्या दुकानात गेल्या. काय हवं ते तिनं सर्जाला आधीच, एकटी येऊन, सांगून ठेवलं होतं. तो ऐकून म्हणाला होता, वहिनी, आजवर मी लोकांच्या गालावरचे फोड पुसून दिले, हे पहिलंच गिऱ्हाईक जे फोड दाखवा म्हणतंय.

पडद्यावर फ्लेक्स तयार होता. चार्वी हसत होती. तिच्या मागं चाळणी, चाळणीपासून जिलबीपर्यंत कुंकवासारखी लाल तार, आणि खाली ठळक अक्षरांत दोन ओळी: 'तुमच्या बाळाच्या वाळ्याचा छापा काढा. काळ्याच्या जागी पिवळा घाला.' एवढं पुरेसं होतं. छपाईची दुकानं प्रत्येक चौकात होती.

सर्जानं आक्कांना खूण करून, तोंडानं न बोलता, तळाच्या मोकळ्या पट्टीकडं बोट दाखवलं. शुभेच्छुकांची जागा. बिननावाचा फ्लेक्स नगरपरिषद तासाभरात उतरवते. कुणाचं तरी नाव पाहिजे. स्वप्नालीनं कागदाच्या कपट्यावर आपलं नाव लिहून आणलं होतं. ती ते सर्जाच्या हातात देणार, तेवढ्यात दुकानासमोर श्रेणिकची गाडी थांबली.

ही कामाची वेळ होती. त्याला इथं यायचं कुणी सांगितलं नव्हतं.

तो आत आला. पडद्याकडं त्यानं बराच वेळ बघितलं, तपासायला दिल्यासारखं, डावीकडून उजवीकडं. स्वप्नालीच्या मनात आलं, आता सर्जाला बाजूला घेईल. जुना दोस्त, खांद्यावर हात ठेवील, यंत्र बंद करायला लावील. ती चार्वीला घट्ट धरून पडद्याच्या आणि त्याच्या मधे सरकली.

श्रेणिकनं सर्जाला काही म्हटलं नाही. तो स्वप्नालीसमोर आला आणि तिच्या कडेवर लोंबणारा चार्वीचा पाय त्यानं तळव्यावर घेतला. स्वप्नालीनं बोट ओठांवर नेलं. त्यानं मान हलवली: नको. मग वाळ्याच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, सर्जाला सांगितलं,

"लिही. श्रेणिक अण्णासो मगदूम. आराखडा तपासनीस." आणि कंपनीचं नाव घेतलं.

त्या घरच्या माणसांपैकी चार्वीच्या पायाजवळ कुणी इतकं स्पष्ट बोलून बरेच दिवस झाले होते. चार्वीनं वाकलेल्या बापाचे केस मुठीत धरले आणि म्हणाली, "ताता."

सर्जाची बोटं चालू लागली. आडनाव टाईप होऊन संपलं नव्हतं, तोच श्रेणिकच्या खिशातला फोन वाजायला लागला.

स्वप्नाली त्याच्या हाताकडं बघत होती. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. हात खिशाकडं गेला नाही. तो लेकीचा पाय धरून तसाच वाकून उभा राहिला, पडद्याकडं बघत.

"अक्षर मोठं कर की जरा," तो सर्जाला म्हणाला. "लांबून वाचता आलं पाहिजे."